तिलेबी मानधनच हाये

टीव्हीवरच्या गौरीला पगार मिळत नाही हे कळलं, त्या दुपारी जाईबाईला मनापासून वाईट वाटलं होतं. मी हसले, आणि हसता हसता माझंच डोकं फिरलं. ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

तेल्हाऱ्यापासून थोडं आत, कपाशीच्या वावरांना लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवते. जाईबाई तायडे आणि वच्छला या दोघी मुलांचं दुपारचं जेवण शिजवतात. शाळेला स्टाफरूम नाही, म्हणून मोकळ्या तासाला मी डबा घेऊन त्यांच्या पत्र्याच्या स्वयंपाकखोलीत जाऊन बसते. तिकडे मुख्याध्यापक कुलदीप सर दिवसभर वर पाठवायच्या माहितीत बुडालेले असतात आणि इकडे गप्पा रंगतात.

गप्पा म्हणजे मालिका. वच्छलाच्या घरी टीव्ही सासऱ्याच्या ताब्यात, आणि सासऱ्याला एकमेकांवर ओरडणाऱ्या पुढाऱ्यांच्या चर्चा आवडतात. त्यामुळे 'भरल्या घरची गौरी' या मालिकेत काल काय झालं हे तिला जाईबाईकडूनच कळायचं. जाईबाई तांदूळ निवडता निवडता सगळा भाग सांगायची, आणि सांगताना मालिकेला सोडायची नाही.

"काल तं बाप्पा गौरी रातभर स्वयंपाक करून राहिली. शंभर मानसाचा! हाताले पीठ नाही, कपायाले घाम नाही, साडी अशी का आताच दुकानातून आनली. मी म्हनलं, ये बाई आमच्या शायेत, एक दिवस हा खिचडीचा गंज शेगडीवरून उतरवून दाखव."

"मंग सासू काय म्हने?" वच्छलाचा जीव सासूत.

"सासू काय म्हनन? दारात उभी होती. तीनदा मान फिरवली, तीनदा ढाण्‌ ढाण्‌ वाजलं, अन् संपला भाग."

असं सगळं बोलूनही गौरीवर तिचा जीव होता. घरात सगळ्यांचं करायचं आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, हे तिला ओळखीचं होतं.

जाईबाईची मुलगी दीक्षा अमरावतीजवळ नांदगाव पेठेला कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसते, पॅन्टींचे खिसे शिवते. तिनेच आईला मोबाइल घेऊन दिला. वाचायला जाईबाई सावकाश, म्हणून ती मोबाइलवरच्या बातम्या ऐकते. त्यातही तिला सिनेमा-मालिकांच्याच बातम्या लागतात: कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणी केस कापले. त्या दुपारी एक मुलगी त्यात घाईघाईने सांगत होती, "गौरीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचं एका भागाचं मानधन ऐकून तुम्ही थक्क व्हाल!" नेमका तेव्हाच कुकरने शिट्टी दिली आणि आकडा कोणाला ऐकूच आला नाही. ऐकू आला तो शब्द.

जाईबाईने सूप खाली ठेवलं. "अवं माय! तिलेबी मानधनच हाये?"

मला काही उलगडेना. "म्हणजे?"

"म्हंजे पगार नाही नं तिले. इतकी मोठी बाई, इतके वर्सं झाले राबून राहिली, अन् अजून पर्मनंट नाही केलं." मग तिने आवाज उतरवला. "मॅडम, तिले उन्हायाच्या सुट्टीचं भेटत असन का? का आमच्यासारखंच, शाया बंद तं पैसे बंद?"

"टाइमावर तं भेटतच नसन," वच्छला म्हणाली. "मनूनच ते साबनाच्या जाहिरातीत काम करते."

"मंग काय करन? पोट हाये नं तिलेबी."

मी हसले. चांगली पोट धरून हसले. मग मी त्यांना समजावून सांगितलं की बायांनो, ती एका भागाचे जे घेते ते तुम्हा दोघींना कित्येक वर्षांत मिळत नाही, आणि तेही वेळेवर. वच्छलाने तोंडावर हात ठेवला. जाईबाईने सूप परत उचललं, खडे वेचले, आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मंग तिच्या पैशाले अन् माह्या पैशाले एकच शब्द कावून लावला? तुमी मराठी शिकवता. सांगा."

शब्द फोडून दाखवता आला असता, मान अधिक धन, पण ते तिसरीतल्या पोरालाही येतं. घरी जाईपर्यंत मी त्या शब्दावर जळत होते. आपल्या भाषेत कामाच्या पैशाला शब्द कमी आहेत का? मजुरी आहे, रोजी आहे, पगार आहे, वेतन आहे. मी रजेवर असले तरी महिना भरला की माझं वेतन होतं. मग मानधन कोणासाठी? एक म्हणजे जे इतके मोठे आहेत की त्यांना पैसे दिले असं म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, त्यांच्यासाठी. आणि दुसरं म्हणजे जाईबाईसारख्यांसाठी. तिला पगार म्हटलं की तो वेळेवर द्यावा लागेल, रजा द्यावी लागेल, भाजलं-पोळलं तर दवाखाना बघावा लागेल. त्यापेक्षा मान देऊ, म्हणजे बाकीचं काही द्यायला नको! ज्या कोणी हा शब्द या बायांना चिकटवला त्याचं मराठी माझ्याहून चांगलं असलं पाहिजे.

आणि ही जागा काही तिला कोणी ताटात वाढून दिलेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिला शाळेच्या समितीने कामावर घेतलं तेव्हा गावातल्या दोन-चार घरांनी आपल्या पोरांना घरून डबे बांधून द्यायला सुरुवात केली. कारण कोणी उघड बोललं नाही. 'पोराचं पोट नाजूक आहे' असं म्हणायचे. जाईबाई बौद्धवाड्यातली, आणि एवढ्याने या घरांतल्या पोरांची पोटं एकदम नाजूक झाली. ती रोज येऊन शिजवायची, ओळीने वाढायची आणि डबेवाल्या पोरांनाही विचारायची, "घेतोस का रे?" मुलं ती, त्यांना खिचडीचा वास आवरेना. एकेक डबा घरीच राहू लागला. सगळ्यात शेवटी थांबला तो खुशालरावांच्या घरचा. हे खुशालराव आता शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत.

म्हणून दीक्षा दर फोनवर म्हणते, "माय, सोड ते, माह्यापाशी ये. इथं बोटात सुई गेली तरी दवाखान्याचं कार्ड हाये." आणि जाईबाई दर वेळी म्हणते, "मी नाही येत. ते जागा माही हाये." तिचा नवरा डोमाजी हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो, बाकी मिळेल ते करतो. पण जाईबाईच्या बोलण्यात पैशापेक्षा ती जागाच जास्त यायची.

दिवाळीनंतर मालिकेत गडबड झाली. मोबाइलवरच्या मुलीने सांगितलं की मानधनावरून वाद झाला आणि गौरीने मालिका सोडली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकखोलीत जाईबाई गॅस पेटवायच्या आधीच पेटलेली होती.

"नवी बाई आनली! खाली पट्टी देली, आजपासून गौरीचं काम हे करन मनून, अन् झालं. सासू म्हनते, गौरी, चहा आन. तिनं आनला. दीर म्हनते, वैनी, थकल्यासारखी दिसता. आरे, थकल्यासारखी काय, बाईच दुसरी हाये! त्या नवऱ्याले तं ओयखू या लागते का नाही?"

"मालिकेत असंच असतं, जाईबाई," मी म्हणाले.

"असते कशी? एका मानसाले दिसू नये का घरात? तिनं इतकं केलं त्याइच्यासाठी!" तिचे डोळे भरले होते, आणि वच्छलाला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी जाईबाईचा पाय भाजला. त्या दिवशी वच्छला नव्हती. खिचडीचा भरलेला गंज शेगडीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, नियमाने नाही, वजनाने. तिने एकटीने उतरवला. फडकं सरकलं, गंज कलला आणि खिचडी डाव्या पावलावर आली. ओरडली नाही. गंज सरळ ठेवला, मगच खाली बसली. कुलदीप सरांनी तिला मोटारसायकलवर तेल्हाऱ्याला नेलं, पट्टी करून आणली, त्यांचं ते मी नाकारत नाही. मुलांना त्या दिवशी मी वाढलं.

संध्याकाळी खुशालराव तिच्या घरी आले. मी तिथेच होते.

"जाईबाई, मानधनावरच्या मानसाले रजा नसते, तुले माईत हाये," ते खाटेवर बसत म्हणाले. "बदली मानूस द्या लागते."

"दीक्षाले सुट्टी नाही भेटत," जाईबाई म्हणाली.

"मी पायतो नं. आमची आचल हाये, पुतन्याची बायको. पाय बरा होईलोक ते येईन. तू आराम कर." जाताना त्यांनी दारातून डोमाजीला सांगितलं, "घाई नोका करू, उन्हाया जाऊ द्या तिकडं." आम्हाला वाटलं माणूस भला वागला.

आचल आली. वयाने विशी नुकती ओलांडलेली, कामाला चपळ, बोलायला लाजरी. वच्छलाशी तिचं लवकर जमलं. आणि वच्छलाकडून मला खरा प्रकार कळला. खुशालरावांनी आचलला सांगून ठेवलं होतं की दोन-तीन महिने असंच काढ, मग 'जाईबाईने स्वतःहून काम सोडलं' असा ठराव करू आणि तुझं नाव लावू. मी कुलदीप सरांकडे गेले. सर कपाळ चोळत म्हणाले, "मॅडम, सध्या नाव तर जाईबाईचंच आहे ना? बदल कळवला की वरून शंभर प्रश्न येतात. चाललंय ते चालू द्या." माणूस वाईट नाही. फक्त वरून येणाऱ्या प्रश्नांना तो इतका भितो की खालच्या माणसाचं काय होतं ते त्याला दिसत नाही.

मग तालुक्याहून जेवण तपासायला साहेब येणार असा निरोप आला. त्या सकाळी वच्छलाने जाईबाईला फोन लावला. "जाई, सर आचलले तुह्यं नाव पाठ करून देऊन राहिले."

साहेब आले तेव्हा खुशालराव स्वच्छ टोपी घालून फाटकात उभे होते. साहेबांनी पाण्याची टाकी पाहिली, तांदळाची पोती पाहिली, चमचाभर खिचडी चाखली. मी मुलांच्या रांगेपाशी होते. साहेबांनी आचलला विचारलं, "बाई, तुमचं नाव?"

तिने खाली बघून म्हटलं, "जाईबाई डोमाजी तायडे."

साहेबांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "वय पंचेचाळीस?"

"हो जी."

हाताला नवी मेंदी असलेली ती पोरगी पंचेचाळीस वर्षांची असल्याचं ऐकून साहेबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! आणि खुशालराव? शांत उभे होते. ज्या घरातल्या पोरांना जाईबाईच्या हातचं चालत नव्हतं, त्या घरच्या सुनेला आता जाईबाईचं नाव चाललं. आडनावासकट चाललं. जागा हाती येणार म्हटल्यावर त्यांची पोटं आता नाजूक राहिली नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"पंचेचाईस नाही साहेब, पन्नास पार झाले. लिवलं तव्हा पंचेचाईस होतं."

जाईबाई उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात डोमाजीच्या खांद्यावर.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी जाईबाई डोमाजी तायडे. तुमी आता जिचं नाव लिवून राहिले ते."

कुलदीप सरांचा चेहरा पांढरा पडला. खुशालराव पुढे झाले, हसले. "साहेब, याइचा पाय भाजला, मनून बदली हाये. काम थांबू देलं नाही आमी."

"बदली हाये तं बदली सांगा नं!" जाईबाईचा आवाज चढला. "तिचं नाव आचल हाये, आचल मना. माह्यं नाव तिच्या तोंडात कावून घालता? टीव्हीवाले बरे. ते नवी बाई आनतात तं खाली पट्टी तं देतात. तुमी मले घरी निजवलं अन् माह्या नावावर दुसरी उभी केली. एका मानसाच्या तोंडातून निघालं नाही, का हे जाईबाई नव्हय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढची शाळा होती. ते कुलदीप सरांना म्हणाले, आणि अगदी सहज म्हणाले, "मानधनावरच्याच आहेत ना? मग काय फरक पडतो? मुलं जेवली म्हणजे झालं."

"फरक पडतो!" मी ओरडले. इतक्या जोरात की पहिलीतलं एक पोरगं रडायला लागलं. "साहेब, उद्या तुमच्या खुर्चीत दुसरं कोणी बसून तुमचं नाव सांगितलं, तर पडेल की नाही फरक?"

"मॅडम, तुमचा यात काय संबंध?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण मध्येच आचल बोलली. हातातला डाव तिने गंजात ठेवून दिला होता.

"साहेब, माह्यं नाव आचल. मले शिकवलं तसं मी म्हनलं." मग जाईबाईकडे वळून, रडवेल्या आवाजात, "जाईमावशी, मले तं काही भेटूनबी नाही राहिलं. पैसे तुमच्याच खात्यात जाते म्हने. मी फुकट करून राहिली, जागा भेटन मनून."

हे जाईबाईला ठाऊक नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं. "माह्या घरी तं कोनी सांगतलं नाही पोरी," ती म्हणाली. "तुह्या कामाचे तुले देईन मी. पन यानं तुले बी फसवलं अन् मले बी." 'यानं' म्हणताना तिने काठी खुशालरावांच्या दिशेने उचलली. आमच्या गावात अध्यक्षाला असं भर शाळेत कोणी म्हणत नाही.

साहेबांना आता निघायचं होतं. "मुख्याध्यापक, नेमणूक कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

कुलदीप सरांनी एकदा खुशालरावांकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. मी त्या वेळी कशी दिसत होते कोण जाणे. सर म्हणाले, "जाईबाईंची, साहेब. त्यांचीच राहील. पाय बरा होईपर्यंत आचलबाई बदली, तिच्याच नावाने. मी तसं आजच कळवतो." साहेबांनी 'ठीक आहे, आपसात मिटवून घ्या' असं पुटपुटून गाडी गाठली.

म्हणजे जागा राहिली. मला वाटलं होतं आता जाईबाई खाली बसेल, पाणी मागेल. ती तशीच उभी राहिली. खुशालराव साहेबांना पोचवून परत आले. त्यांचा पडलेला चेहरा त्यांनी येता येता सावरला होता. चार माणसांत हरलेला पुढारी दुसरं काय करणार? तो चेष्टा करतो.

"भल्लीच हिरोइन झाली तू, जाईबाई," ते हसत म्हणाले.

"हिरोइन असती," जाईबाई म्हणाली, "तं एकानं तरी पायाचं इचारलं असतं."

तेव्हा कुठे आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. चप्पल चढली नव्हती म्हणून ती मुरमाच्या रस्त्याने अनवाणीच आली होती. पावलावरची पट्टी पिवळी झाली होती, टाचेकडून फाटून तिच्यात खडे शिरले होते.